कुलगुरू ‘बघू’ म्हणालेत, आता पुढे काय करू?

वाचकाचं पत्र:

नमस्कार सर, मी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करते. आमच्या प्राध्यापकांचे पेपर, प्रबंध, रिपोर्ट सगळं एका जागी ठेवून कुणालाही फुकट वाचता येईल अशी ओपन अ‍ॅक्सेस रिपॉझिटरी सुरू करावी असं आमच्या टीमला फार दिवसांपासून वाटतंय. गेल्या महिन्यात कुलगुरूंपुढे प्रेझेंटेशन दिलं, चाळीस स्लाइड्स होत्या, खूप मेहनत घेतली होती. ते म्हणाले ‘छान आहे, बघू’. वित्त अधिकारी म्हणाले सॉफ्टवेअर फुकट आहे ना, मग बजेट कशाला मागताय. कायदा विभागाला भीती की पब्लिशर नोटीस पाठवतील. एक सीनियर प्रोफेसर म्हणाले माझं सगळं रिसर्चगेट या संशोधकांच्या वेबसाइटवर आहे, हे नवीन लचांड कशाला. त्यानंतर सगळं थंड पडलंय. कुलगुरूंची मुदत पुढच्या वर्षी संपतेय. परत एकदा प्रेझेंटेशन देऊ, की नवीन येतील त्यांची वाट बघू? सोबत स्लाइड्स जोडल्या आहेत.
– ग्रंथालयातली एक

उत्तर:

मॅडम, नमस्कार. परत प्रेझेंटेशन देऊ नका आणि वाटही बघू नका.

स्लाइड्स बघितल्या. चांगल्या आहेत, पण पहिल्या वीस स्लाइड्स ओपन अ‍ॅक्सेस म्हणजे काय, २००२ चा बुडापेस्टचा जाहीरनामा, २००३ चा बर्लिनचा, ज्ञान सगळ्यांचं आहे, यातच गेल्यात. त्यातलं काहीच कुलगुरूंना खोटं वाटलं नसणार आणि खरी अडचण तीच आहे, चांगल्या कामाला कुणी नाही म्हणत नाही, ‘छान आहे’ म्हणतात आणि पुढची फाइल उघडतात. त्या दिवशी त्यांच्या टेबलावर निकालाचा घोळ असेल, हॉस्टेलची तक्रार असेल, कोर्टाची तारीख असेल, आणि आपण जाऊन ज्ञान मुक्त करायच्या गप्पा मारणार. माझ्या मते ते नाही म्हणालेलेच नाहीत, त्यांनी नक्की कशाला हो म्हणायचं हेच त्यांना कळलेलं नाही. चाळिसाव्या स्लाइडवर ‘व्यवस्थापनाने पाठिंबा द्यावा’ असं लिहिलंय, आता पाठिंबा म्हणजे काय द्यायचं, माणूस की पैसे की सही की नुसत्या शुभेच्छा? शुभेच्छा तुम्हाला मिळाल्या.

तेव्हा ओपन अ‍ॅक्सेस हा शब्द थोडे दिवस बाजूला ठेवा आणि असं बघा, आपल्या विद्यापीठातून गेल्या वर्षी किती पेपर छापून आले हा प्रश्न कुलगुरूंना वर्षातून किती वेळा येतो? वार्षिक अहवालाला येतो, मूल्यांकन समिती येते तेव्हा येतो, रँकिंगवाले विचारतात, निधी देणारी संस्था विचारते, कधी कधी मंत्री पण विचारतात. आणि प्रत्येक वेळी काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये, कुलसचिवांच्या ऑफिसातून सगळ्या विभागांना एक एक्सेल जातं, अर्जंट म्हणून, निम्मे विभाग उत्तर देत नाहीत, उरलेले आपापल्या पद्धतीने भरतात, कुणी आडनाव आधी लिहितं कुणी नाव, कुणी अ‍ॅक्सेप्ट झालेला पेपर यावर्षी धरतो आणि छापून आल्यावर पुढच्या वर्षी परत धरतो, फिजिक्स आणि केमिस्ट्रीच्या दोघांनी मिळून लिहिलेला पेपर दोन्हीकडून येतो म्हणून दोनदा मोजला जातो, आणि शेवटी ऑफिसातला कुणीतरी क्लार्क रात्री बसून डुप्लिकेट काढतो आणि जो आकडा निघतो त्याच्यावर कुणाचाच विश्वास नसतो. पुढच्या वर्षी परत पहिल्यापासून. हा त्रास कुलगुरूंचा आहे, कुलसचिवांचा आहे. तुम्ही त्यांच्याकडे तुमची इच्छा घेऊन गेलात, आता त्यांचा त्रास घेऊन जा.

हे मी नुसतं चातुर्य म्हणून सांगत नाहीये, जगात जिथे रिपॉझिटरी खरंच भरली तिथे साधारण हाच मार्ग होता. बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठाचं उदाहरण बघा. तिथले रेक्टर, म्हणजे आपल्या भाषेत कुलगुरूच, बर्नार्ड रेंतिए नावाचे गृहस्थ, त्यांना आपल्या विद्यापीठातून नक्की काय काय छापून येतं हेच धड कळत नव्हतं आणि ते त्यांना खटकायचं. २००७ साली त्यांनी धोरण आणलं, २००८ च्या नोव्हेंबरात ओर्बी नावाची रिपॉझिटरी सुरू केली, आणि नियम असा केला की बढतीच्या किंवा अंतर्गत निधीच्या अर्जासोबत जी प्रकाशनांची यादी जोडायची ती ओर्बीमधूनच निघेल. तिथे टाकलेलं नसेल तर ते कमिटीला दिसणारच नाही. दंड नाही, धमकी नाही, सक्तीचं प्रशिक्षण नाही. लोकांनी भराभर टाकलं आणि आज जगात ‘लिएज मॉडेल’ म्हणूनच ते ओळखलं जातं. गंमत अशी की यात ओपन अ‍ॅक्सेसच्या तत्त्वज्ञानावर प्राध्यापकांचं एकमत व्हायची गरजच पडली नाही, यादी एका जागी हवी यावर एकमत झालं की झालं.

आता तुम्ही म्हणाल आमचे कुलगुरू रेंतिए नाहीत. नसू देत. तुमच्याकडे अजून आकडे पण नाहीत, ते आधी गोळा करा. एकच विभाग घ्या, ज्याचे विभागप्रमुख तुमच्या बाजूचे आहेत असा, आणि एकाच वर्षाचे पेपर घ्या. प्रत्येक पेपरसमोर चार गोष्टी लिहा: बाहेरच्या माणसाला तो फुकट वाचता येतो का, आपल्याच विद्यापीठाच्या नेटवर्कवरून उघडतो का, पब्लिशरच्या नियमाप्रमाणे त्याची कुठली आवृत्ती आपल्याला ठेवता येते, आणि ती आवृत्ती लेखकाकडे आत्ता आहे का. पहिल्या दोन गोष्टी एखादा हुशार विद्यार्थी दोन-तीन दिवसांत करेल. तिसरीसाठी शेर्पा रोमिओ नावाची सेवा होती, आता ती ब्रिटनमधल्या जिस्क या संस्थेच्या ओपन पॉलिसी फाइंडरमध्ये गेलीये, जर्नलचं नाव टाकलं की काय चालतं ते दिसतं. चौथी गोष्ट तुम्हाला स्वतःला प्राध्यापकांच्या केबिनमध्ये जाऊन बघावी लागेल आणि तिथेच खरी मजा आहे.

कारण जी आवृत्ती बहुतेक पब्लिशर ठेवू देतात ती म्हणजे अ‍ॅक्सेप्टेड मॅन्युस्क्रिप्ट, रेफरींच्या, म्हणजे पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञांच्या, सूचनांप्रमाणे सगळं दुरुस्त करून शेवटी मान्य झालेली वर्ड फाइल, जर्नलचा मांडणी केलेला देखणा पीडीएफ नाही. आणि ही वर्ड फाइल कुणाकडेच नसते. सरांना विचारा, ते म्हणतात आहे ना, थांबा, आणि मग ‘फायनल’, ‘फायनल टू’, ‘रिव्हाइज्ड फायनल सरांच्या करेक्शनसह’ अशा सात फाइली उघडतात, एकीत मार्जिनला लाल कॉमेंट्स, एकीत आकृत्या शेवटी वेगळ्या पानांवर, एकीत टेबल दोनच गायब, आणि खरी जी सबमिट केली ती पीएचडीच्या विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर होती आणि तो विद्यार्थी आता परदेशात पोस्टडॉक करतोय. तीन वर्षांपूर्वीच्या पेपरची ही अवस्था असेल तर दहा वर्षांपूर्वीचं विचारूच नका. हे तुम्ही एकदा डोळ्यांनी बघितलंत की कुलगुरूंना सांगायला तुमच्याकडे एक वाक्य तयार होतं, ‘सर, आपण पगार दिला, लॅब दिली, फेलोशिप दिली, आणि जे तयार झालं त्याची एक प्रत आपल्याकडे नाही.’ प्रशासनातल्या माणसाला हे लगेच कळतं, कारण खुर्च्या-टेबलांची नोंदवही असते, स्टॉक तपासणी असते, आणि संशोधनाची मात्र नाही.

अजून एक करा, पण जपून. कुलगुरू स्वतः संशोधक असतील तर त्यांचे पेपर शोधा. त्यातला एखादा गाजलेला पेपर विद्यापीठाच्या कॉम्प्युटरवरून उघडत नसेल, पैसे मागत असेल, तर तो स्क्रीन त्यांना दाखवा, मात्र एकट्याला, चार लोकांसमोर नाही. भर मीटिंगमध्ये दाखवलात तर कुलगुरूंना वाटेल आपल्याला उघडं पाडलं आणि मग त्यांची मुदत संपेपर्यंत तुमची फाइल तळाला. शक्यतो त्यांच्या विषयातला, त्यांच्याशी बोलण्यातला कुणी प्राध्यापक असेल त्यालाच दाखवायला सांगा.

वित्त अधिकाऱ्यांचा प्रश्न मला आवडला, बरोबर प्रश्न आहे आणि त्याला सरळ उत्तर द्या. डीस्पेस हे रिपॉझिटरीचं सॉफ्टवेअर फुकट आहे, २००२ साली एमआयटीच्या ग्रंथालयाने आणि एचपीने मिळून काढलं, ईप्रिंट्स त्याच्याही आधीचं, साउदॅम्प्टन विद्यापीठाचं, तेही फुकट. पण चालवायला माणूस लागतो आणि माणूस फुकट नाही. सर्व्हर, बॅकअप, सुरक्षा हे लागतं, तरी त्याचा खर्च एखाद्या मध्यम लॅबपेक्षा कमीच असतो, खरी गोम अपग्रेडमध्ये आहे. २०२१ ला डीस्पेसचं सात नंबरचं व्हर्जन आलं तेव्हा लोकांना दिसणारा अख्खा भाग नव्याने लिहिलेला होता, ज्यांनी जुन्यात स्वतःचे फेरफार करून ठेवले होते त्यांना ते सगळं परत करावं लागलं, आणि ज्यांच्याकडे तेव्हा माणूसच नव्हता त्यांच्या रिपॉझिटरी जुन्याच व्हर्जनवर अडकल्या. म्हणून एकरकमी प्रोजेक्ट ग्रँट मागू नका. ही चूक फार जण करतात, दोन वर्षांचे पैसे मिळतात, धूमधडाक्यात उद्घाटन होतं, कंत्राटी मुलगा निघून जातो आणि मग साइट असते पण तिच्यात शेवटची नोंद कधीची ते बघवत नाही. छोटी का होईना पण दरवर्षीच्या बजेटमध्ये कायमची ओळ मागा. एक पूर्णवेळ माणूस, ज्याचं मुख्य काम हेच असेल, आयटीकडून ठरलेले तास, आणि होस्टिंग. आयटी विभाग हात वर करत असेल तर बाहेर होस्ट करून मिळतं किंवा दोन-चार विद्यापीठं मिळून एक चालवतात, त्यात कमीपणा काही नाही.

आणि वित्तवाल्यांना चुकूनही असं सांगू नका की रिपॉझिटरी केली की जर्नलची वर्गणी वाचेल. मोह होतो, कारण तेवढंच एक वाक्य त्यांना गोड लागतं. पण तुमची रिपॉझिटरी तुमच्या लोकांनी लिहिलेलं जगाला देते, तुमच्या लोकांना जगाचं वाचायला मिळतं ते इतरांच्या रिपॉझिटरीतून, त्यामुळे तुमच्या खर्चाचा आणि तुमच्या बचतीचा थेट हिशोब लागत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१९ मध्ये एल्सेव्हिअर या मोठ्या जर्नल पब्लिशरशी कराराची बोलणी मोडली आणि २०२१ पर्यंत त्याच्याशिवाय काढली, तेव्हा फुकट मिळणाऱ्या प्रती हा त्यांच्या वाचकांना एक आधार होता हे खरं, पण ते दहा कॅम्पसचं अवाढव्य विद्यापीठ आहे, वाटाघाटीची ताकद वेगळी. वाचेल म्हणून सांगितलंत आणि दोन वर्षांनी वाचलं नाही की तुमची कायमची ओळ पहिली कापली जाईल. हां, एक गोष्ट खात्रीने सांगता येते, जर्नलमध्ये ओपन अ‍ॅक्सेससाठी लेखकाने फी भरायची त्यापेक्षा अ‍ॅक्सेप्टेड मॅन्युस्क्रिप्ट रिपॉझिटरीत टाकणं हा रस्ता लेखकाला फुकट आहे, आणि निधी देणाऱ्यांची अट बऱ्याचदा त्याने पण पूर्ण होते. अमेरिकेत एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या पैशातून झालेल्या संशोधनाला तर १ जुलै २०२५ पासून छापून येईल त्याच दिवशी पबमेड सेंट्रल या खुल्या संग्रहात खुलं करायची अट आहे, आधी बारा महिने थांबता यायचं. युरोपात निधी देणाऱ्या संस्थांचा असाच प्लॅन एस आहे, २०१८ मध्ये जाहीर झालेला. बाहेरच्या निधीवर किंवा बाहेरच्या भागीदारांबरोबर काम करणारे तुमच्याकडे कोण कोण आहेत ते शोधा, त्यांना हे आज ना उद्या लागणारच आहे.

कायदा विभागाला तुम्ही बहुतेक ‘हे कायदेशीर आहे का’ असं विचारलं असणार. असं विचारलं की उत्तर ‘सावध राहा’ असंच येतं, त्यांचं कामच ते. त्यांच्याकडे नेमका कागद घेऊन जा. आम्ही जर्नलचा छापील पीडीएफ टाकणार नाही, पब्लिशर चालवतो तीच आवृत्ती टाकणार. त्यांनी सहा महिने, बारा महिने थांबा म्हटलं असेल तर फाइल आत ठेवून बंद ठेवणार आणि तारीख आली की आपोआप उघडणार. तोपर्यंत नाव, सारांश, लेखक एवढंच दिसेल आणि कुणाला हवा असेल तर लेखकाला विनंती पाठवायचं बटण असेल, एक प्रत द्यायची की नाही ते लेखक ठरवेल. कुणी हरकत घेतली तर फाइल आधी बंद आणि मग चौकशी, ती कुणी आणि किती दिवसांत करायची ते लिहिलेलं असेल. हे सगळं डीस्पेस आणि ईप्रिंट्समध्ये सोयीने करता येतं. एवढं समोर ठेवून विचारा की यातलं कुठलं वाक्य तुम्हाला बदलायचंय. वकिलाला कोरा कागद दिला की तो नाही लिहितो, भरलेला दिला की दुरुस्त्या करतो. प्रबंधांचं मात्र वेगळं बघा, त्यात दुसऱ्यांचे फोटो, नकाशे, मुलाखती दिलेल्या लोकांची माहिती असते, पेटंटचा अर्ज चालू असतो, कुणाला त्याचं पुस्तक करायचं असतं, तिथे विद्यार्थ्याला मुदत मागायची सोय ठेवावीच लागेल.

पुढे जमलं तर हार्वर्डसारखा रस्ता आहे. फेब्रुवारी २००८ मध्ये तिथल्या कला आणि विज्ञान शाखेच्या प्राध्यापकांनी एकमताने ठराव केला की आमच्या लेखांसाठी विद्यापीठाला आधीच एक परवाना दिलेला आहे असं समजावं, त्याच्या आधारावर लेख खुला करता येईल, आणि एखाद्या लेखासाठी कुणाला नको असेल तर त्याने सूट मागावी, ती मिळते. म्हणजे पब्लिशरकडे कॉपीराइट जाण्याआधीच विद्यापीठाचा हक्क तयार झालेला असतो. तुम्ही पहिल्याच फटक्यात याच्या मागे लागू नका असं माझं मत आहे, याच्यावर कायदा विभागाच्या तीन मीटिंगा होतील आणि तेवढ्यात कुलगुरू बदलतील. पण यातली एक गोष्ट आत्ताच उचला, ठराव प्राध्यापकांनी आणला होता.

तुमच्या पत्रात ग्रंथालय, ग्रंथालय आणि ग्रंथालयच आहे. मॅडम, वाईट वाटून घेऊ नका पण ग्रंथालयाने काही मागितलं की प्रशासनाला ते ग्रंथालयाचं बजेट वाढवायचं प्रकरण वाटतं. मागणी विद्वत परिषदेत प्राध्यापकांकडून यायला हवी. दोनच माणसं पुरेत, एक विज्ञानातला ज्याचे पेपर खूप आहेत, आणि एक मानव्यविद्येतला ज्याचं वजन आहे. विज्ञानातल्यांना पटवणं सोपं जातं, भौतिकशास्त्राची माणसं १९९१ पासून आर्काइव्ह (arXiv) नावाच्या खुल्या साइटवर पेपर टाकतायत, त्यांना यात नवीन काहीच नाही, उलट ते विचारतील की आमचं आर्काइव्हवर आहेच की, तर त्यांना सांगा परत टाकायला लागणार नाही, तिथून नोंद आपण उचलू. मानव्यविद्येतले विचारतील आमच्या पुस्तकांचं काय, पब्लिशर छापायचा नाही. त्यांना पहिल्या दिवशीच सांगून टाका की पुस्तकं या नियमात नाहीत, फक्त जर्नलमधले लेख आणि प्रबंध. पुस्तकांचा वाद ओढवून घेतलात तर एक वर्ष त्यातच जाईल.

रिसर्चगेटवाल्या सरांशी भांडू नका. त्यांना वाचक हवेत, ते त्यांना तिथे मिळतायत, चूक काय? फक्त शांतपणे एवढं सांगा की ती एक खासगी कंपनी आहे, एल्सेव्हिअर आणि अमेरिकन केमिकल सोसायटीने २०१७ मध्ये तिच्यावर कॉपीराइटची केस केली होती, २०२३ मध्ये तडजोड झाली, आणि मधल्या काळात तिथून बरेच पेपर निघाले, लेखकांना विचारून नाही. बरेच पब्लिशर रिपॉझिटरीत ठेवलेलं चालवतात पण तिथे ठेवलेलं नाही. आणि विद्यापीठाच्या दृष्टीने बघाल तर ती यादी आपल्या हातात नाही, सर निवृत्त झाले की त्यांचं खातं त्यांच्याबरोबर. सरांना म्हणा तिथे आहे ते राहू द्या, आमच्याकडे आम्हीच टाकून देतो, तुम्ही फक्त वर्ड फाइल मेल करा. यावर नाही म्हणणारा माणूस मला अजून भेटला नाही. साउदॅम्प्टनमधल्या एका जुन्या अभ्यासात एक पेपर टाकायला साधारण दहा मिनिटं लागतात असं निघालं होतं, पण प्राध्यापकाला ती दहा मिनिटं फॉर्म भरण्यात घालवायची नसतात, त्यामुळे निदान सुरुवातीला फॉर्म तुमच्याच माणसाने भरायचा.

सक्ती करावी का यावर तुम्ही स्लाइड बत्तीसवर ‘ऐच्छिक’ लिहिलंय. ऐच्छिक ठेवलं की काय होतं ते एनआयएचने आधीच करून बघितलंय, २००५ मध्ये त्यांनी विनंतीवजा धोरण आणलं आणि सुरुवातीच्या काही महिन्यांत पाच टक्क्यांच्याही आत पेपर जमा झाले, शेवटी २००८ पासून बंधनकारक करावं लागलं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीने २००४ पासूनच सगळ्या विद्यापीठाला लागू होणारा नियम केला, तसा तो जगातला पहिला. पोर्तुगालच्या मिन्यो विद्यापीठाचं मला जास्त आवडतं, त्यांनी नियम तर केलाच, वर जे विभाग लवकर आणि जास्त टाकतील त्यांना रेक्टरच्या निधीतून थोडे पैसे दिले, व्यक्तीला नाही, विभागाला. तुमच्या वित्त अधिकाऱ्यांना विचारून बघा, विभागाला प्रिंटर नाहीतर प्रवासभत्ता मिळतोय म्हटल्यावर विभागप्रमुख स्वतः मागे लागतात. पण काहीच नाही जमलं तरी लिएजचा यादीवाला नियम मागाच, तो बिनपैशाचा आहे आणि तोच सगळ्यात जास्त काम करतो.

सायटेशन वाढतात हे वाक्य तुमच्या सहा स्लाइड्सवर आहे. एकवर आणा, तेही जपून. खुले पेपर जास्त उद्धृत होतात असं पुष्कळ अभ्यासांत दिसतं, पण चांगला पेपर लेखक मुद्दाम खुला करतो म्हणून तसं दिसतं का हा वाद अजून संपलेला नाही आणि तुमच्या परिषदेत एखादा संख्याशास्त्रवाला बसलेला असेलच, तो तिथेच तुम्हाला पकडेल. एवढंच म्हणा की शोधल्यावर सापडेल आणि उघडेल, तेवढं खरं आहे आणि तेवढं पुरे. डाउनलोडच्या आकड्यांचंही तसंच, हल्ली एआयवाल्यांचे बॉट, म्हणजे आपोआप पानं उतरवणारे प्रोग्रॅम, रिपॉझिटरींवर तुटून पडतात, सर्व्हर झोपवतात, आणि न गाळलेला आकडा एकदम फुगतो. डाउनलोड कसे मोजायचे याचं काउंटर (COUNTER) नावाचं मानक आहे, त्याप्रमाणे बॉट गाळून जो उरेल तोच कुलगुरूंना द्या, नाहीतर एका वर्षी लाखाचा आकडा सांगाल आणि पुढच्या वर्षी गाळल्यावर तो दहा हजारांवर येईल आणि मग समजावत बसाल.

कुलगुरूंच्या मुदतीचं म्हणाल तर जाणारा माणूस उलट जास्त उपयोगी असतो, त्याला जाताना नावावर काहीतरी हवं असतं आणि नवीन आलेला पहिलं वर्ष सगळंच थांबवून ‘आढावा’ घेतो. फक्त त्यांच्या तोंडी होकारावर किंवा एखाद्या परिपत्रकावर थांबू नका, परिपत्रक पुढचा माणूस एका सहीने मागे घेतो. विद्वत परिषदेचा ठराव, व्यवस्थापन परिषदेची मंजुरी आणि बजेटमधली ओळ, हे तिन्ही मुदत संपायच्या आत झालं पाहिजे, म्हणजे मागे जाऊन मोजा की कुठल्या बैठकीच्या विषयपत्रिकेत विषय जायला हवा आणि त्यासाठी टिपण किती तारखेपर्यंत द्यायला लागतं. टिपण एकाच पानाचं ठेवा. वर त्या विभागाचे चार आकडे, खाली तीन मागण्या: धोरणाचा ठराव, एक पद, बढतीच्या अर्जाला यादी रिपॉझिटरीतून. ज्या समितीत जे ठरतं त्या समितीकडे तेवढंच मागा, पद मागायचं ते विद्वत परिषदेत मागू नका.

मध्ये रिकामा वेळ जाईल त्यात साइट रिकामी ठेवून बसू नका. मंजुरी यायच्या आधी त्या एका विभागाचे पेपर आणि ज्यांची परवानगी आहे असे जुने प्रबंध घेऊन छोटी चाचणी सुरू करा, सर्व्हर मिळत नसेल तर सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या झेनोडो नावाच्या रिपॉझिटरीवर आपल्या विद्यापीठाची कम्युनिटी फुकट उघडता येते, नंतर तिथून आणता येतं. उद्घाटनाची घाई मात्र करू नका, पाच-सातशे तरी नोंदी असल्याशिवाय मोठ्या पाहुण्याला बोलवू नये, शोधून बघितलं आणि काहीच आलं नाही की त्याचं मत तिथेच पक्कं होतं. आणि आयटीवाल्यांकडून एक गोष्ट पहिल्या आठवड्यातच लेखी घ्या, रिपॉझिटरीचा वेब पत्ता. विद्यापीठाच्या मुख्य डोमेनखाली, ज्यात ना सॉफ्टवेअरचं नाव ना विभागाचं ना योजनेचं, आणि प्रत्येक नोंदीला हँडल किंवा डीओआय, हे कधी न बदलणारे ओळख क्रमांक, म्हणजे उद्या वेबसाइटचं नूतनीकरण निघालं, आणि ते दर दोन-तीन वर्षांनी निघतंच, तरी कुणाच्या पेपरमध्ये छापलेली लिंक मरत नाही.